नव्या घराचे न्हाणीघर कोणासाठी?

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत नवी घरे उठत आहेत. वास्तुशांतीच्या पत्रिका माझ्या दवाखान्यातही येऊन पडतात. अशाच एका घरी जेवून आलो आणि महिन्याभरातच पुन्हा जावे लागले, पण या वेळी बॅग घेऊन.

घरच्या आजी पहाटे चार वाजता उठून बाथरूमला गेल्या होत्या. चकचकीत फरशी, त्यावर रात्रीचे पाणी साचलेले. पाय घसरला आणि त्या नेमक्या दाराला टेकून पडल्या. दार आत उघडणारे, आतून कडी लावलेली. ढकलावे तर आजींनाच लागणार. शेवटी शेजारच्या सुताराला उठवून दाराचा वरचा भाग कापला, तेव्हा मुलगा आत उतरला. खुब्याचे हाड मोडले होते. आजी मला म्हणाल्या, "डॉक्टर, जुन्या वाड्यात चाळीस वर्षं शहाबादी फरशीवर वावरले, कधी पाय घसरला नाही हो."

या वयात हाडे ठिसूळ झालेली असतात. शस्त्रक्रिया झाली तरी माणूस काही काळ अंथरुणाला खिळतो. मग पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या असे एकामागून एक सुरू होते. पडणे क्षणाचे, भोगणे महिनोन्‌महिन्यांचे.

घर बांधताना संडास कोणत्या दिशेला असावा हे आपण वास्तुशास्त्राच्या जाणकाराला विचारतो, टाईल्सचा रंग सुनेला आणि मुलीला विचारतो. पण रात्री तीनदा उठून तिथे जाणाऱ्या आजी-आजोबांना कोणी काही विचारत नाही. माझे मत स्पष्ट आहे. न्हाणीघराचा नकाशा घरातल्या सर्वात थकलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून काढावा. त्याला जे सोयीचे, ते लहान मुलाला, गरोदर सुनेला आणि आजारातून उठलेल्या कर्त्या माणसालाही सोयीचेच असते.

पहिली गोष्ट दाराची. ते बाहेर उघडणारे असावे आणि कडी अशी असावी की प्रसंगी बाहेरूनही काढता येईल. साधारणपणे बाथरूमला अडीच फुटांचे दार बसवतात. ते तीन फुटांचे ठेवले तर उद्या वॉकर किंवा चाकाची खुर्ची आत जाईल. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात कडाप्प्याची उंच पट्टी बसवतात. अंधारात तीच पायाला ठेचकाळते. त्याऐवजी फरशीला नीट उतार द्यावा, चार फुटांमागे अर्धा इंच पुरे. उतार नहाणी ट्रॅपकडे हवा, दाराकडे नव्हे. गवंड्याकडून काम ताब्यात घेण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून पाहा.

फरशी खडबडीत घ्या. दुकानातच टाईलच्या तुकड्यावर साबणाचे पाणी टाकून अनवाणी पाय ठेवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. जागा असेल तर संडास आणि न्हाणी वेगळी करा. सकाळच्या घाईत रांग लागत नाही आणि संडासाची फरशी कोरडी राहते. एका ठिकाणी तरी कमोड हवाच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उकिडवे बसणे ही शिक्षा असते. पुष्कळ वृद्ध मंडळी त्या धास्तीने पाणीच कमी पितात आणि मग बद्धकोष्ठाची, लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. कमोडशेजारी भिंतीत पक्का स्टीलचा दांडा बसवा. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. भार पडला की ती स्क्रूसकट हातात येते.

आता आपल्या सोलापूरच्या पाण्याविषयी. उजनी, टाकळी, हिप्परगा ही नावे आपल्याला पाठ आहेत, आणि काही दिवसांआड येणारे नळाचे पाणीही. त्यामुळे नकाशात नसलेले बॅरल आणि पिंपे नंतर बाथरूममध्ये येऊन बसतात आणि चालायची वाट अडते. साठवणीची जागा नकाशातच ठरवा, वाटेच्या बाहेर आणि घट्ट झाकणासह. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासायचे. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर काढायला घरोघरी ॲसिड वापरतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि कोंदट बाथरूममध्ये जीव घाबरा करतो. गॅस गिझरचे तर याहून वाईट. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातला प्राणवायू तो हुसकावतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. खिडकी मोठी हवी, पण खिडकी आहे म्हणून गिझर आत ठेवू नये. विजेचा गिझर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच बसवा. सौरबंबाचे पाणी आपल्या उन्हाळ्यात फार तापते. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून बादलीत आधी थंड, मग गरम पाणी घ्यावे आणि लहान मुलाला नळाशी एकटे सोडू नये.

कोणी म्हणेल, हे सगळे बंगलेवाल्यांसाठी झाले. तसे नाही. 2006 साली कुंभारीला विडी कामगार भगिनींची 10,000 घरांची वसाहत झाली, आणि जानेवारी 2024 मध्ये तेथेच रे नगरातल्या 15,000 घरांच्या किल्ल्या कामगारांच्या हाती आल्या. अशा घरांत भिंती हलवता येत नाहीत. पण दांडा बसवता येतो, रात्रभर छोटा दिवा ठेवता येतो, वापरानंतर फरशी पुसता येते, पिंप कोपऱ्यात सरकवता येते. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत.

नव्या घराचा नकाशा हाती आला की एक करा. त्या मापाच्या चार रेघा अंगणात खडूने ओढा आणि आजींना त्यात चालून, बसून, उठून दाखवायला सांगा. त्या अडखळतील तिथे रेघ बदला. आज खडूची रेघ पुसायला काही पडत नाही. उद्या दार कापावे लागले तर सुताराची मजुरी हा त्यातला सर्वात लहान खर्च असतो.