भाताची जमीन ‘नापीक’ ठरवली कोणी?

भिवंडीत एक वाक्य फार स्वस्त झालंय : ‘त्या जमिनीत आता पिकतंय काय? गोदामाला देऊन टाका.’ काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली... भाताच्या शिवारात गोदामं उभी राहिली. कामतघरात बसून मी एवढंच विचारतो, माती तपासली कोणी?

भाताला पाणी धरून ठेवणारी चिकट माती लागते, मजबूत बांध लागतो आणि जादा पाण्याला वाट लागते. शेजारी उंच भराव पडला की वाट बंद. इकडे पाणी तुंबतं, तिकडे पोचतच नाही. दोष मातीचा की भरावाचा?

मृदा आरोग्य पत्रिका आहे ना, म्हणाल. २०१५ ची योजना, १२ तपासण्या. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं. खत किती टाकायचं ते कळतं, चांगलंच आहे. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाही. डाईंगवाल्या गावात नेमकं तेच नाही! कॅडमियम तर तांदळाच्या दाण्यात उतरतं. शिवाय पावसावरच्या शेतीत १० हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना. म्हणजे माती शेजाऱ्याची, कार्ड तुमचं!

मागणी साधी आहे. बिनशेती परवानगीआधी त्या गटाची माती, जड धातू आणि निचरा तपासा. अहवाल ग्रामपंचायतीत लावा.

आणि शेतकरीदादांनो, भात कापला की आपल्या शेताचा नमुना आपण काढा, निकाल कागदावर घ्या. मग विकायची की कसायची ते तुमचं तुम्ही ठरवा. दलालाच्या तोंडचा शब्द म्हणजे मातीचा अहवाल नव्हे.