तिकीट बंद, तक्रार उघडीच

अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा ऑनलाइन बूट मागवले. मिरजेच्या घरी बसून, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशांनी. "तुझी मदत लागली नाही बरं का," असं मला पुण्याला फोन करून सांगितलंही. चौथ्या दिवशी खोकं आलं. खोक्यावर आकडा ८. आत डावा बूट ८ नंबरचा आणि उजवा ९ नंबरचा!

अब्बांना मधुमेह आहे. पायांची संवेदना कमी झाली आहे; बूट घासला, फोड आला तरी लवकर कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी नेमक्या मापाचे, पुढून रुंद बूट वापरायला सांगितले होते. हा हौसेचा मामला नव्हता.

बूट परत करायचे तर ॲप कारण विचारतं. यादीत 'साइज लहान', 'साइज मोठा', 'रंग आवडला नाही' वगैरे. 'दोन बूट दोन मापांचे' असं कारण यादीत नाही. अब्बांनी 'साइज मोठा' निवडलं. बूट न्यायला पोरगा आला. त्याच्या फोनमध्ये ८ नंबर, हातातल्या बुटावर ९. "चाचा, माझं ॲप घेत नाही," म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी मेसेज आला: ग्राहकाने पार्सल देण्यास नकार दिला.

इथून मी मध्ये पडलो. चॅटवर आधी यंत्र बोललं, मग माणूस, मग दुसरा माणूस. तेच फोटो तीनदा पाठवले. प्रत्येकाने गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि प्रत्येक वेळी 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज आला. खाली पाच तारे, आमची सेवा कशी वाटली? शेवटी उत्तर मिळालं की परतीची मुदत संपली आहे. मुदत संपेपर्यंत आम्ही त्यांच्याशीच बोलत होतो.

आता माझी कबुली. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि अशी यंत्रणा कशी बांधतात ते मला ठाऊक आहे. आमच्या धंद्यात 'डिफ्लेक्शन' नावाचं एक माप असतं. किती ग्राहक माणसापर्यंत न पोहोचता परत फिरले, त्याचा हा आकडा. तो वाढला की मीटिंगमध्ये कौतुक होतं. पण ज्याचं काम झालं तो आणि जो कंटाळून गेला तो, दोघेही या आकड्यात सारखेच मोजले जातात. तिकीट 'उघडं' असतं किंवा 'बंद' असतं. 'चूक आमची होती' असा रकानाच नसतो. पैसे घेणारं बटण अंगठ्याखाली असतं, तक्रारीचा पत्ता पानाच्या तळाशी बारीक अक्षरात. हा योगायोग नाही. कुणीतरी बसून तसं ठरवलेलं असतं.

कुणी म्हणेल, ग्राहकही फसवतात. लग्नात बूट घालून मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवतात. खरं आहे, आणि म्हणून तपासणी हवीच. पण गोदाम कंपनीचं, बारकोड कंपनीचा, पॅकिंगच्या नोंदी कंपनीच्या. मग पुरावा फक्त गिऱ्हाइकानेच का द्यायचा? आणि राग त्या पोराच्या अंगावर काढण्यातही अर्थ नाही. त्याच्या हातात फोन होता, निर्णय नव्हता.

कायदा काय म्हणतो ते पाहा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यानुसार प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एक महिन्यात ती निकाली काढायची. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला नाकारू शकत नाही. कंपनीची 'पॉलिसी' या नियमांच्या वर नाही.

आम्ही त्या अधिकाऱ्याला नियमांचा हवाला देऊन पत्र लिहिलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पाचव्या दिवशी पैसे परत आले. ना खुलासा, ना माफी.

मला वाटलं, जिंकलो. अब्बा म्हणाले, "तू इंजिनियर आहेस म्हणून मिळाले. मी तर समजत होतो, माझंच बटण चुकलं."

हे वाक्य मला बुटांच्या किमतीपेक्षा महाग पडलं. मधले तीन आठवडे माझा बाप स्वतःलाच दोष देत होता. ज्याच्या घरात इंग्रजी मेल लिहिणारं कुणी नाही, त्याने काय करायचं? असे लोक 'जाऊ दे' म्हणतात. आणि त्यांच्या प्रत्येक 'जाऊ दे'ची कंपनीकडे नोंद होते: तक्रार सोडवली.

म्हणून मागणी साधी आहे. गिऱ्हाइकाने 'होय, काम झालं' म्हटल्याशिवाय तक्रार बंद करता कामा नये. तक्रार मराठीत करता आली पाहिजे आणि माणसाशी बोलण्याची वाट पहिल्याच पानावर दिसली पाहिजे. सरकारने २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ 'डार्क पॅटर्न'ची यादी काढली. तक्रारीची वाट लपवणं हा प्रकार त्यात स्वतंत्रपणे नाही. तो घालायला हवा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. १९१५ वर मराठीतही बोलता येतं. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात, ऑनलाइनही, दावा दाखल करता येतो. वकील सक्तीचा नाही आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिल, फोटो आणि प्रत्येक चॅटचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा.

आणि माझ्यासारख्या शिकलेल्या पोरांनी रविवारी तासभर मोहल्ल्यातल्या वाचनालयात बसावं, लोकांच्या तक्रारी लिहून द्याव्यात. सोमवारी ऑफिसात कुणी 'डिफ्लेक्शन'चा आकडा दाखवला, तर एक प्रश्न विचारावा: यातल्या किती जणांचं काम खरंच झालं?