कपाच्या बुडाशी काय लिहिलंय?



बिस्किटाचा पुडा घेतला तरी आपण आधी हिरवा ठिपका शोधतो. पाणी गाळून घेतो, कंदमुळं घरात आणत नाही, जिलेटिनचं नाव दिसलं की गोळ्या-चॉकलेटं परत ठेवतो. पण चहा ज्या कपातून पितो तो कशाचा आहे, हे आपल्यातल्या किती जणींनी विचारलंय? मी तरी सात वर्षं विचारलं नव्हतं.

सुनेच्या रुखवतात तिच्या आईनं हौसेनं एक टी-सेट दिला होता. दुधासारखा पांढरा, हलका, कडेला सोनेरी रेघ. पाहुणे आले की तोच निघायचा. मागच्या चातुर्मासात आमच्या वन्सं आल्या होत्या. त्या व्रती, स्वतःचं भांडं बरोबर ठेवणाऱ्या. त्यांनी सहज बशी उलटी केली आणि म्हणाल्या, "वहिनी, हे बोन चायना म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "चिनी मातीच की."

नात शेजारीच होती. "आजी, बोन म्हणजे हाड," ती म्हणाली.

मला वाटलं, नुसतं नाव असेल. तसं नव्हतं. बोन चायनात साधारण निम्मा भाग जनावरांच्या, बहुधा गाईबैलांच्या, भाजलेल्या हाडांची राख असते. बाकी चिनी माती आणि एक प्रकारचा दगड. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्टोक इथल्या जोसाया स्पोडनं ही कृती पक्की केली आणि आजही ती मुळात तीच आहे. तो शुभ्रपणा, ते पातळ तरी चिवट अंग, त्या राखेमुळेच येतं.

मग मी मातीचीच माहिती करून घ्यायचं ठरवलं. आमच्या शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे. आता तिथं गणपतींचीच गर्दी जास्त, पण जुन्या माणसांना मडक्याचं सगळं ठाऊक आहे. माती चाळायची, भिजवायची, तुडवून मळायची. आत ओल राहिली तर भट्टीत भांडं फुटतं. चाकावर आकार दिला की सावलीत वाळवायचं, मग भाजायचं. नुसतं वाळलेलं मडकं पाण्यात टाकलं तर त्याचा पुन्हा चिखल होतो. एकदा भाजलं की ती माती परत मळता येत नाही.

पुढचा फरक मातीचा आणि आचेचा. आपला माठ साधारण हजार अंशांच्या आत भाजला जातो. अंगाला बारीक छिद्रं राहतात, म्हणून पाणी पाझरतं आणि गार होतं. लोणच्याची बरणी म्हणजे स्टोनवेअर. ती बाराशे अंशांच्या आसपास भाजते, अंग दगडासारखं घट्ट होतं. वरची चकाकी म्हणजे ग्लेझ, वितळून बसलेला काचेचा थर. पोर्सेलिन त्याहून बारीक, पांढऱ्या चिनी मातीचं आणि आणखी कडक आचेचं. या तिन्हींच्या घडणीत हाड लागत नाही. बोन चायनात लागतं.

प्रवचनात घट आणि कुंभाराचं उदाहरण आपण किती वेळा ऐकलंय! घटाचं उपादान माती, कुंभार निमित्त. मान डोलावून घरी आलो आणि आपल्या हातातल्या कपाचं उपादान काय, ते मात्र कधी पाहिलं नाही.

काही जणी म्हणतील, जळून राख झाली, आता कसला दोष? मला हे पटत नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही आपण मोजतो. पैसे देऊन घेतलं की त्या धंद्याला अनुमोदन झालंच. मी कॉमर्सची, मला एवढं कळतं की हाडांना गिऱ्हाईक मिळालं की कत्तलखान्याच्या हिशेबात ती जमेच्या बाजूला जातात.

दुसरी शंका जास्त खरी आहे. माती खणण्यातही पृथ्वीकायिक जीवांची हिंसा, भट्टीत अग्निकायिकांची. मग माठ तरी शुद्ध कसा? शुद्ध नाहीच. पण श्रावकाला स्थावर हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून ती कमी करायची. त्रस जीवांची मात्र टाळता येते तिथं टाळायचीच. चहासाठी गाईचं हाड लागतच नाही, मग ते कशाला?

करायचं काय, तर बूड बघा. बोन चायना लिहिलं असेल तर घेऊ नका. काही कारखाने हाडाऐवजी रासायनिक कॅल्शियम फॉस्फेट वापरतात, तसं कुणी सांगितलं तर बिलावर लिहून मागा. उजेडात धरून पाहण्यावर विसंबू नका, पातळ पोर्सेलिनमधूनही उजेड दिसतो. भांड्यांवर हिरवा ठिपका नसतो, तेव्हा विचारणं आपल्यालाच भाग आहे. आणि स्टील, काच कुठं गेली आहेत?

आणखी एक. कळलं म्हणून घरात रणकंदन करू नका. सुनेला सांगताना माझा आवाज चढला होता. ती शांतपणे म्हणाली, "आई, माझ्या आईलाही माहीत नव्हतं. आणि तुम्हीही त्यातच चहा पीत होता ना?" खरंच होतं. अज्ञान दोघींच्या घरचं आणि मी ते एकटीच्या माहेरावर टाकत होते. त्या संध्याकाळी विहिणबाईंना मीच फोन केला. तक्रार केली नाही, फक्त माहिती दिली. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचं कपाट उघडलं. त्यांच्याकडे दोन सेट निघाले.

आमचा सेट आता माळ्यावर आहे. कुणाला आहेर म्हणून द्यायचा नाही, एवढं ठरलंय. गणपती बसले की दुसऱ्याच दिवसापासून आपलं दशलक्षण पर्व. त्याआधी एकदा कपाट उघडा आणि बशा उलट्या करून बघा.