भाराभर चिंध्या



एखादा मुलगा आज चित्र काढतो, उद्या माती मळतो, परवा करवंटी घासत बसतो. मग घरची माणसे म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ही म्हण कलेला लावू नये असे माझे मत आहे. आणि चिंध्यांची गोधडी होते, ते आमच्या आजीला विचारा.

दादासाहेब फाळके यांचे बघा. ते १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे रंगकाम, मातीकाम आणि फोटो काढणे शिकले. गोध्र्याला फोटोचा धंदा काढला, तो काही चालला नाही. छापखान्याचे काम केले. जादूचे प्रयोगसुद्धा केले! जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतले प्रोफेसर केळफा. फाळके उलटे वाचा म्हणजे कळेल. तेव्हा त्यांनाही कोणीतरी चिंध्याच म्हटले असेल असे मला वाटते.

पण १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा केला तेव्हा सगळे उपयोगी पडले. पडदे रंगवायला चित्रकला आणि कॅमेरा चालवायला फोटोची विद्या. पुढच्या सिनेमांत देवांचे चमत्कार दाखवायचे होते, तिथे जादू कामाला आली. त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले होते. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडायच्या, फिल्म धुवायच्या. हे मला सगळ्यात जास्त आवडले.

फाळक्यांनी या सगळ्यासाठी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले होते. आपल्याला कर्ज नको. आपल्या रत्नागिरीत सामान फुकट पडलेले आहे. कोळसा आहे, गेरू आहे. हळदीत चुना घातला की लाल रंग होतो. बोंडूच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही म्हणून आई ओरडते, पण न जाणारा रंग म्हणजे चांगलाच रंग की! माडाची पोय वाळली की होडीसारखी होते. सुंभाच्या दाढ्या-मिशा होतात. आणि जांभा तर कुठेही आहे.

उक्षीच्या सड्यावर जुन्या काळच्या माणसांनी जांभ्यात मोठा हत्ती कोरला आहे. कोकणातली अशी कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. मी घरामागे चिऱ्याच्या तुकड्यावर खिळ्याने चिमणी कोरली. जांभ्याला भोके असतात, त्यामुळे तिचे पाय काही उमटेनात. मग मोठा मासा कोरला, तो झकास आला. म्हणजे काय काढायचे ते दगडपण सांगतो. कागद असले काही सांगत नाही, तो सगळ्याला हो म्हणतो.

काही जण म्हणतील, एकच काम रोज केले तर हात बसतो. ते खरे आहे. गणपतीच्या शाळेतले काका वर्षानुवर्षे मूर्ती करतात, म्हणून त्यांनी डोळे आखले की गणपती आपल्याकडे बघायला लागतो. पण काका पन्नाशीचे आहेत आणि आम्ही दहा वर्षांचे. आमचा हात कशावर बसणार ते आधी कळायला नको का? आमच्या वर्गातल्या एका मुलीचे कागदावरचे चित्र नेहमी गिचमिड होते. पण तिने मळ्यातल्या चिखलाची म्हैस केली, ती बघायला गुरुजी चार वेळा आले. तिला जर नुसता कागदच दिला असता तर ही म्हैस कोणाला दिसली असती?

एका स्पर्धेत फक्त तेलखडूचे चित्र घेतात. ज्याच्याकडे चोवीस रंगांची पेटी आहे त्याचे चित्र रंगीत होते, बाकीचे आठ रंगांत भागवतात. हे मला पटत नाही. चिखल सगळ्यांना सारखाच मिळतो. म्हणून आपल्या शाळेच्या प्रदर्शनात तरी माती, दगड, करवंटी, चिंध्या सगळे मांडू द्यावे, आणि त्याला पण नंबर द्यावेत, अशी माझी गुरुजींना विनंती आहे.

पालकांनी एवढेच करावे, करवंट्या सगळ्या चुलीत घालू नयेत, दोन-तीन ठेवाव्यात. जुने धोतर किंवा लुगडे फाडायच्या आधी आम्हाला विचारावे. आणि मुलांनो, बोंडूचा रस घ्या, पण काजूच्या बीच्या टरफलाचे तेल घेऊ नका. त्याने हाताची साले निघतात.

– इयत्ता ४ थी