सुटाबुटाची तयारी की शेताची?

कृषी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी शेती शिकण्यास परदेशी निघाला म्हणजे गावास आनंद होतो. व्हावाच. परंतु त्याची तयारी कशी चालते, ती एकदा डोळे उघडून पहा. कोट शिवला, पेटी आणली, व्हिसा आला, हारतुरे झाले, फोटो निघाले, झाली तयारी! बांधावर उभे करून त्याला कोणी विचारीत नाही की, बाबा, तू तेथे जाऊन नेमके काय शिकणार आहेस?

हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पास जागतिक बँकेने २०१७ साली कर्ज मंजूर केले. त्यातून कृषी विद्यापीठांतील विद्यार्थी परदेशी प्रशिक्षणास गेले. कर्ज सरकार फेडते म्हणजे कोण फेडतो? डिझेल घेणारा, खताची गोणी उचलणारा, लोखंड आणून विळा घडविणारा. पैसा आपला, मग हिशेब मागण्यास लाज कसली?

हॉलंडचेच घ्या. त्या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्राच्या पातळीखाली. त्यांना घोर पाणी बाहेर काढण्याचा. आपणांस घोर चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरविण्याचा. त्यांची काचघरे थंडीपासून पीक वाचवितात. आपले पीक जाळते ते ऊन. ज्याला आपल्या काळ्या रानाची भेग कळत नाही, तो तेथील काच पाहून भुलणार आणि परत येऊन कर्जात बुडालेल्या बापाला काचघर बांधा म्हणून सांगणार!

मग तेथे शिकण्यासारखे काहीच नाही काय? आहे! १८८७ साली ब्रूक-ऑप-लांगेडाइक या गावी भाजीचा लिलाव सुरू झाला. भाव वरून खाली उतरत यावा आणि ज्यास माल हवा त्याने तो मध्येच थांबवावा, अशी रीत. पुढे पिकविणाऱ्यांनी सहकारी लिलावघरे उभारली. आजही आल्समीरचे फुलांचे अवाढव्य लिलावघर उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे आहे. ट्यूलिपपुढे फोटो काढून येणाऱ्यास हे दिसावे कसे? ज्याचा बाप कांद्याच्या गोण्यांवर अडत्याच्या दारात रात्रभर पडून राहिला, त्याच्या लेकराच्या डोळ्यांत मात्र हेच आधी भरेल.

म्हणून आमचे सांगणे आहे की, इंग्रजी कच्चे एवढ्यावरून कुणब्याच्या, माळ्याच्या, लोहाराच्या पोरास मागे सारू नका. खुरपे धरणाऱ्या माउलीच्या मुलीस तर मुळीच नको. भाषा शिकविता येते. तळहाताचे घट्टे शिकविता येत नाहीत.

खरी तयारी अशी. जाण्याआधी वर्षभर विद्यार्थ्याने गावची माती तपासून घ्यावी, विहिरींचे पाणी मोजावे, एका एकराचा खर्च व उत्पन्न वहीत मांडावे. सुताराच्या दारी आणि लोहाराच्या भात्यापाशी बसून अवजार कसे बनते ते पहावे. म्हणजे तेथले यंत्र पाहून आपल्या गावात काय घडविता येईल हे त्यास कळेल. ग्रामसभेत उभे राहून लोकांचे प्रश्न लिहून घ्यावेत. परतताना बुटाची माती धुऊन यावे आणि खिशात बी लपवून आणू नये. चोरट्या बियाबरोबर रोगही येतो. बी आणण्यास परवाना लागतो, तसा २००३ सालचा हुकूमच आहे.

आणि शिकून आल्यावर? गुलामीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आयोवात शेतीशास्त्र शिकले, १८९६ साली अलाबामातील टस्कीगीच्या शाळेत गेले आणि १९०६ साली त्यांनी शाळाच गाडीत घालून गरिबांच्या शेतावर धाडली. आपल्या विद्वानांची गाडी मात्र कचेरीच्या दारात येऊन थांबते!

बंधूंनो, जो वही घेऊन गेला आणि उत्तरे घेऊन आला, त्यास खांद्यावर घेऊन मिरवा. जो नुसता गळ्यात टाय बांधून आला, त्यास ग्रामसभेत उभे करा आणि विचारा: पोरा, आमचा पैसा कोणत्या रानात पेरलास, आणि उगवले काय?