गोळी तोलावी, पण कशासाठी?

बंदुकीची काळी दारू वापरून लांब पल्ल्याची नेमबाजी करणाऱ्यांत एक समजूत घट्ट रुजली आहे. ओतलेली प्रत्येक गोळी तोलावी, अर्ध्या ग्रेनच्या फरकाने वेगवेगळे ढीग लावावेत, म्हणजे नेम सुधारतो. या पक्षाकडे दाखलाही आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिकेने आयर्लंडला ९३४ विरुद्ध ९३१ असे हरवले. अंतरे होती ८०० ते १००० यार्ड. तीन गुणांवर सामना जात असेल, तर एका ग्रेनची तरी हयगय का करावी?

प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू. ५०० ग्रेनच्या गोळीत एक ग्रेन म्हणजे पाचशेवा हिस्सा. त्याने वेग फार तर हजारात एक भाग बदलतो. २०० यार्डांपर्यंत गोळी सुमारे पाच फूट खाली येते. तिथे हा फरक इंचाच्या दहाव्या भागाइतका पडतो. हजार यार्डांवर तो काही इंच होतो खरा, पण दारूमुळे होणारा वेगातला चढउतार त्याहून कितीतरी मोठा असतो.

शिवाय तराजू दिशाभूलही करतो. वीस भाग शिशाला एक भाग कथील हे प्रमाण सोळाला एक झाले, तर त्याच साच्यातली गोळी सुमारे ३ ग्रेन हलकी भरते आणि तरीही निर्दोष असते. उलट आतली पोकळी मधोमध आहे की कडेला, हे वजनावरून कळत नाही. १८ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला १२०० फूट वेगाने सुटलेली गोळी सेकंदाला ८०० वेळा फिरते. कडेची पोकळी तिला वाटेवरून ढकलते.

मग तराजू फेकून द्यावा का? मुळीच नाही. एकाच भांड्यातल्या, एकाच साच्यातल्या, एकाच बैठकीत ओतलेल्या गोळ्या तोलाव्यात. त्या घोळक्यातून जी स्पष्ट हलकी निघेल, तिच्यात पोकळी असण्याचाच संभव अधिक; ती पुन्हा वितळवावी. तराजूचे काम तिथे संपते.

उरलेला वेळ गोळीच्या बुडाला द्यावा. फ्रँकलिन मान यांनी १९०९च्या ग्रंथात मांडलेले प्रयोग हेच सांगतात: टोक बिघडलेली गोळी फारशी ढळत नाही, बूड बिघडलेली ढळते. बुडाची कड भिंगाखाली धरावी. ती कुठे गोलसर किंवा अपुरी भरलेली दिसली, तर वजन कितीही नेमके असो, गोळी बाद करावी. साचा तापलेला ठेवावा, प्रत्येक बारानंतर नळीतली काजळी मऊ करावी किंवा पुसावी. अचूकता ओतताना आणि नळी राखताना घडते. तराजू फक्त वाईट गोळी बाजूला काढतो.