आरोग्याचा फराळ : मोज्याची खूण

गेल्या दिवाळीला मंडळाच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात आम्ही सहा तास उभ्या राहून चकल्या तळल्या. शेवटचा घाणा निघाल्यावर एका काकूंनी मोजे काढले. घोट्यावर मोज्याच्या काठाचा खोल वळ आणि आतल्या बाजूला तपकिरी, कोरडा चट्टा. "अगं, वय झालं, दुसरं काय? खाजतं म्हणून खोबरेल लावते," काकू म्हणाल्या. मी इथल्या वॉर्डांत ३० वर्षं नर्स होते. तो चट्टा वयाचा वाटेना.

पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात आणि ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं. घराण्यातला वारसा, बाळंतपणं, वजन, वय आणि तासन्‌तास उभ्याचं काम यांमुळे हा धोका वाढतो.

सुरुवातीच्या खुणा अगदी साध्या असतात. संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात, वर ठेवले की बरं वाटतं. घोटे सुजतात, सकाळी सूज उतरलेली असते. रात्री पोटरीत गोळे येतात, त्वचा खाजते. फुगलेली शीर दिसेलच असं नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही, ती जागा फक्त काळपट वाटते. म्हणून पाय बघायचे ते संध्याकाळी, उभं राहून, चांगल्या उजेडात.

घोट्याशी चट्टा आला म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलं. मग साध्या ओरखड्याचीही जखम होऊन महिनोन्‌महिने चिघळू शकते. जीपीला नुसतं "शिरा वाईट दिसतात" म्हणू नका. दुखतं, सुजतं, रंग बदललाय, हे स्पष्ट सांगा. 'नाइस'च्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा तक्रारी असतील तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवायला हवं. तपासणी म्हणजे पायाची सोनोग्राफी, ती दुखत नाही. घट्ट मोजे मात्र मनानं घालू नका, विशेषतः मधुमेह असेल तर. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. दोन्ही पाय सुजत असतील तर कारण हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची एखादी गोळीही असू शकते.

आता भारतातून आई-बाबा येतील. लांबच्या विमानप्रवासात त्यांना अधूनमधून उठून चालायला सांगा, बसल्या जागी टाचा वर-खाली करायला सांगा. पोचल्यावर एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर तेल लावून रगडू नका! आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी १११ला फोन करा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट ९९९.

काकूंच्या शिरेवर पुढे लेझरनं उपचार झाले. पाय तेवढा बधिर केला होता, त्याच दिवशी त्या घरी आल्या. चट्टा पुरता गेलेला नाही, पण जखम टळली. यंदा त्या स्टुलावर बसून सोऱ्या फिरवणार आहेत, तळायला उभ्या राहायची पाळी आमची.

शुभ दीपावली!